‘बसायचं’ ठिकाण बदलताना: एएच्या पहिल्या मिटींगला कसं जायचं

मराठीत ‘बसणे’ हे क्रियापद फार पोचलेलं आहे. “काय मग, शनिवारी बसायचं का?” एवढं विचारलं की कुठे, कशाला, कोणाबरोबर हे काही सांगावं लागत नाही, समोरच्याला सगळं कळतं आणि तो चकण्याचं बघतो. मी असा वीस-बावीस वर्षं बसलो. शेवटची पाचेक वर्षं तर एकटाच बसायचो, कारण बाकीचे उठून आपापल्या घरी जायला लागले होते आणि मला उठताच येत नव्हतं. २०१६ च्या दिवाळीनंतर मी वेगळ्या ठिकाणी बसायला लागलो, एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, दारू सोडू बघणाऱ्यांच्या मिटींगला, महापालिकेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून. आठवड्यातून तीन संध्याकाळ, दीड-दीड तास. तिथे पहिल्यांदा जाताना मला जे कोणीतरी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही ते इथे लिहितोय. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईल.

हे कोणासाठी आहे? ज्यांना मनातून माहीत आहे त्यांच्यासाठी. “मी श्रावण कडक पाळतो, महिनाभर थेंब नाही, म्हणजे माझा कंट्रोल आहे” हे मी बारा-तेरा वर्षं सगळ्यांना ऐकवलं, पण गटारीला किती ढोसायचो आणि श्रावण संपायचे दिवस कसे बोटावर मोजायचो ते सांगितलं नाही. पंढरीला जाऊन माळ घालून आलो, ती काढून देव्हाऱ्यात ठेवली. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. हे सगळं करून झालं असेल तर तुम्ही बरोबर जागी आलात.

थांबा, आधी डॉक्टर

सगळ्यात पहिली पायरी मिटींगची नाहीच. रोज पिणारा माणूस असाल, सकाळी उठल्यावर हात थरथरतात, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो, किंवा सकाळीच एक नाइंटी मारल्याशिवाय अंग जाग्यावर येत नाही, तर “आजपासून बंद” म्हणून घरात कोंडून घेऊ नका. मर्दानगी दाखवायची ही जागा नव्हे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास व्हायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आलंय असं वाटतं, आणि त्या अवस्थेत वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. “दारू सोडली आणि त्यातच गेला” असं गावाकडे म्हणतात ते याच्यामुळे, आणि त्याचा अर्थ दारू सोडू नये असा नाही तर डॉक्टरशिवाय अचानक सोडू नये असा आहे. सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, किंवा आधी फॅमिली डॉक्टरला खरं किती पिता ते सांगा (खरं, म्हणजे आपण सांगतो त्याच्या दुप्पट). ते थोडे दिवस गोळ्या देतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात, गरज असेल तर अॅडमिट करतात. मिटींगमध्ये कोणी डॉक्टर नसतो आणि कोणी औषध देत नाही, उलट कोणी मेंबर “त्या गोळ्या बंद कर, मिटींग पुरेशी आहे” म्हणाला तर त्याचं ऐकू नका, तो त्याचं स्वतःचं मत सांगतोय, एएचं नव्हे.

आणि हो, एसटी स्टँडच्या मुतारीत आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेलं ते ‘न सांगता दारू सोडवा’, ते घरच्यांनी कृपा करून करू नका. त्या पावडरीत काय आहे ते कळत नाही. डायसल्फिरामसारखं औषध माणसाला न सांगता भाजीत घातलं आणि वरून तो प्यायला तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं. हे औषध खरं आहे, उपयोगी पण आहे, पण पिणाऱ्याला माहीत असताना आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली.

एए म्हणजे नेमकं काय

थोडक्यात सांगतो कारण इतिहास तुम्हाला आत गेल्यावर इतक्या वेळा ऐकवतील की पाठ होईल. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, १९३५, अमेरिकेत ओहायो राज्यातलं अॅक्रन गाव. न्यूयॉर्कचा शेअरबाजारवाला बिल तिथे एका धंद्याच्या कामाला गेला होता, काम फिसकटलं, खिशात फार पैसे नाहीत, पाचेक महिने झाले होते सोडून, आणि हॉटेलच्या लॉबीत उभा तर एका बाजूला बार. त्याने काय केलं तर लॉबीतल्या फोनवरून चर्चवाल्यांना फोन लावत सुटला की मला कोणीतरी दारुडा माणूस गाठून द्या, बोलायचंय. त्यातून त्याला डॉक्टर बॉब नावाचा एक सर्जन भेटला जो स्वतः पार बुडालेला होता, आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. १० जून १९३५ ला डॉक्टर बॉबने शेवटचं घेतलं, तोच दिवस एएचा वाढदिवस मानतात. मला ही गोष्ट आवडते ती एवढ्यासाठी की बिल तिथे कोणाला सुधारायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून त्याला दुसरा दारुडा हवा होता. मिटींगमधलं सगळं अजूनही तेवढंच आहे. भारतात हे १९५७ पासून चालू आहे आणि देशाचं मुख्य ऑफिस आपल्या भायखळ्याला आहे.

मेंबर व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, फी नाही.

मिटींग शोधायची कशी

फोनमध्ये मराठीतच टाका, ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ आणि पुढे तुमच्या शहराचं नाव. एएच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरवार यादी आणि हेल्पलाइन नंबर मिळतात. फोन लावा, मेसेज नको. मेसेज टाईप करून मी तीन आठवडे ड्राफ्टमध्ये ठेवला होता. फोन उचलणारा माणूस कॉल सेंटरचा नसतो, तो स्वतः पिऊन झालेला असतो, त्यामुळे तुम्ही “ते एका मित्रासाठी विचारत होतो” म्हणालात की तो हसणार नाही पण त्याला कळेल, कारण त्यानेही असाच मित्रासाठी फोन केला होता.

त्याला हे विचारून घ्या: मिटींग कुठल्या भाषेत आहे (मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी, कोकणी अशा वेगवेगळ्या असतात, गोव्यात कोकणी आणि इंग्रजी भरपूर), ओपन आहे की क्लोज्ड, आणि जागा नक्की तीच आहे का. ओपन म्हणजे कोणीही येऊन बसू शकतं, बायको, भाऊ, विद्यार्थी. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्याला स्वतःच्या पिण्याचा प्रॉब्लेम आहे तो. पहिल्यांदा कोणाला तरी बरोबर न्यायचं असेल तर ओपनला जा. जागेचं मुद्दाम विचारा कारण आपल्याकडे बऱ्याच मिटींगा महापालिकेच्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये होतात, आणि निवडणूक आली की शाळेत मतदान केंद्र, परीक्षा आल्या की वर्ग बंद, मग ग्रुप दोन आठवडे भलतीकडे बसतो आणि नवीन माणूस बंद गेट बघून परत जातो, आणि परत जाताना रस्त्यात काय लागतं ते तुम्हाला माहीतच आहे.

यादीत तुमचा तालुका नसेल तर दोन-तीन रस्ते आहेत. सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन १४४४६, तिथे जवळचं केंद्र विचारता येतं. मनाची अवस्था फारच वाईट असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली मानस १४४१६, हे कुठल्याही वेळी चालू असतं. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर सुरू केलेलं, तिथे अॅडमिट होऊन गेलेल्यांच्या फॉलोअपच्या सभा पुण्याबाहेरही बऱ्याच ठिकाणी होतात. ते एए नव्हे, त्यांची पद्धत वेगळी, पण आमच्यात कित्येक जण दोन्हीकडे जातात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे तरी दारू आहेच, तिथे मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कामातले लोक तालुक्याला क्लिनिक घेतात. आणि काहीच नसेल तर झूम. लॉकडाऊननंतर ऑनलाइन मिटींगा राहिल्यात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, आमच्या गुरुवारच्या झूमला दुबईहून एक जण लेबर कॅम्पच्या गच्चीवरून बसतो कारण खोलीत सात जण असतात. पण जवळ खरी मिटींग असताना झूमवर भागवू नका. झूमला ‘लिव्ह’चं बटण असतं. वर्गातून उठून जायला आठ जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागतं.

पहिला दिवस

घराजवळची नको वाटत असेल तर दोन स्टेशनं लांब जा, मी पण गेलो होतो, हरकत नाही. सुरुवातीला जे काही करून पाय आत पडेल ते करा. त्या दिवशी न पिता जाता आलं तर उत्तम. (वर डॉक्टरचं लिहिलंय ते आठवा.) प्यायलेले असाल तरी जा, कोणी हाकलत नाही, फक्त बोलू नका, ऐका, आणि गाडी चालवत जाऊ नका.

पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलात तर सगळे बसलेले दिसतात आणि दारातून परत फिरायला निमित्त मिळतं.

माझं काय झालं ते सांगतो. शाळेच्या गेटवर वॉचमनने विचारलं, “कुठे?” आणि मला काही सुचेना, संध्याकाळी साडेसातला शाळेत माणूस कशाला येईल, तर मी म्हणालो, “पालक सभा.” त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “पहिला मजला, डावीकडे, चहा झाला असंल बघा.” त्याने माझ्यासारखे किती पालक बघितले असतील कोण जाणे. तेव्हा वॉचमनला फक्त “मिटींग” म्हणा, पुरे.

आत काय होतं

भिंतीवर एकीकडे बाराखडीचा तक्ता आणि दुसरीकडे बारा पायऱ्यांचा, म्हणजे एएत एकेक करून चढायच्या टप्प्यांचा बॅनर. टेबलामागे एक जण बसलेला, त्याला चेअर करणारा म्हणतात, तो साहेब नव्हे, आळीपाळीने कोणीही असतो. सुरुवातीला एक मिनिट शांतता आणि एक छोटी प्रार्थना, जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती दे, जे बदलता येतं त्याची हिंमत दे आणि दोन्हीतला फरक कळू दे, अशा अर्थाची. मग एए म्हणजे काय ते कोणीतरी कागदावरून वाचतं. मग शेअरिंग.

शेअरिंग म्हणजे भाषण नव्हे. एक जण उठतो, “माझं नाव अमुक, मी बेवडा” म्हणतो (कुठे मद्यपी म्हणतात, कुठे अल्कोहोलिक, आमच्याकडे बेवडाच), सगळे त्याचं नाव घेऊन नमस्कार करतात, आणि तो पाच-दहा मिनिटं आधी काय होतं, मग काय झालं, आता कसं आहे ते सांगतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, “अरे पण तू असं करायला हवं होतं” असं काही नाही. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं कारण आपल्याकडे माणूस दुःख सांगायला लागला की तिसऱ्या वाक्याला समोरचा उपाय सांगतो. इथे कोणी हुं सुद्धा म्हणत नाही आणि त्यामुळेच माणूस पुढचं बोलतो.

अधूनमधून लोक हसतात, जोरात. हे मला फार खटकलं होतं. एक जण सांगत होता की त्याने बायकोपासून लपवायला फ्लशच्या टाकीत क्वार्टर ठेवली आणि प्लंबर आला, आणि सगळा वर्ग हसतोय. मी चिडून बसलो होतो आणि मग आठवलं की माझी गव्हाच्या पिंपात होती.

मधे एक डबा फिरतो. दहा-वीस रुपये टाका, पहिल्या दिवशी नाही टाकले तरी चालतं. जागेचं भाडं, चहा, पुस्तकं त्यातून निघतात. बाहेरच्याकडून देणगी घ्यायची नाही असा एएचा नियमच आहे, तेव्हा “एए” सांगून कोणी पाच हजार फी किंवा डिपॉझिट मागितलं तर ती एएची मिटींग नाही, निघा तिथून.

चेअर करणारा विचारेल, पहिल्यांदा कोण आलंय का. हात वर करा किंवा करू नका. नाव सांगावंच लागत नाही, आडनाव तर नकोच. बोलायची पाळी आली आणि जमत नसेल तर “आज फक्त ऐकतो” एवढं म्हणा. मी सहा मिटींगा हेच म्हटलं.

ओळखीचं कोणी भेटलं तर? भेटेल, शहर कितीही मोठं असो. पण तोही तुमच्याच कारणासाठी तिथे आहे, त्यामुळे बाहेर बोलायची भीती दोघांना सारखीच. फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला टाकायचं नाही, इथे जे ऐकलं ते इथेच. पेपरात, टीव्हीवर मेंबर म्हणून स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं नाही अशी एएची परंपराच आहे, म्हणून मी वर नाव घातलं नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. उद्या मी परत प्यायलो तर “ते एएचं काही खरं नाही, तो बघा” असं होऊ नये म्हणून.

देवाचं काय

हा प्रश्न येतोच, कारण बारा पायऱ्यांत देव हा शब्द आहे. त्याच्यापुढे ‘आमच्या समजुतीप्रमाणे’ असं पण आहे ते लोक वाचत नाहीत. आमच्या ग्रुपात माळकरी आहेत, नमाजी आहेत, रविवारी चर्चला जाणारे आहेत, आणि एक लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते आहेत जे प्रार्थनेला उभे राहतात पण तोंड बंद. ते म्हणतात, माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हे बाकावर बसलेले पंचवीस लोक, मी एकटा थांबवू शकलो नाही, यांनी थांबवली. चाललंय त्यांचं चौदा वर्षं.

एका मिटींगवर ठरवू नका

माझा सगळ्यात ठाम सल्ला हाच. कमीत कमी सहा मिटींगा, आणि त्या सुद्धा दोन वेगवेगळ्या ग्रुपच्या, आणि मग ठरवा पटतंय का. पहिल्याला डोकं एकच काम करतं, तुलना. “याची नोकरी गेली, माझी आहे. हा फूटपाथवर झोपला, मी तर फ्लॅटमध्ये. म्हणजे मी तसला नाही.” या प्रत्येक वाक्यात ‘अजून’ घालून बघा. नोकरी अजून आहे. फ्लॅट अजून आहे. मला एका म्हाताऱ्या मेंबरने जिन्यात हे सांगितलं आणि मी त्याच्यावर चिडून पुढच्या आठवड्यात गेलो नाही, आणि नंतरच्या आठवड्यात गेलो.

प्रत्येक ग्रुपचा स्वभाव पण वेगळा असतो. एखाद्या ठिकाणी तीनच म्हातारे, तेच तेच बोलणारे, एखाद्या ठिकाणी नुसती तरुण पोरं. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत अवघड वाटतं हे खरंच आहे, तर बायकांच्या वेगळ्या मिटींगा असतात, ऑनलाइनही असतात, हेल्पलाइनवर थेट विचारा. अॅडमिट व्हायची गरज असेल तर मुक्तांगणचा बायकांचा वेगळा विभाग आहे, निशिगंध.

मिटींग संपल्यावर लगेच पळू नका. खरं काम बाहेर टपरीवरच्या चहावर होतं. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि त्यातला एक तरी दुसऱ्या दिवशी वापरा, काही नसताना, नुसतं “काय चाललंय”. कारण तलफ आल्यावर अनोळखी नंबर लावायला हात होत नाही, सवयीच्या नंबरला होतो. हळूहळू एकाला आपला स्पॉन्सर करा, म्हणजे तुम्हाला पायऱ्यांतून नेणारा जुना मेंबर. पुरुषाला पुरुष, बाईला बाई असा साधारण संकेत आहे. घाई नको, महिनाभर ऐका, ज्याच्यासारखं शांत व्हावंसं वाटतं त्याला विचारा. स्पॉन्सर म्हणजे पैसे उसने देणारा नव्हे आणि घेणारा तर नव्हेच.

पहिले तीन महिने रोज एक मिटींग असं जुने लोक सांगतात. कंपनीची शिफ्ट आणि लोकल सांभाळून मला रोज जमलं नाही, आठवड्याला चार जमल्या.

आणि प्यायलात तर? त्याला स्लिप म्हणतात. परत या. कोणी “बघ, सांगितलं होतं ना” म्हणत नाही. माझी पहिल्याच वर्षी एक झाली, मेव्हण्याच्या हळदीला, आणि परत जाताना मी तेच गेट, तोच वॉचमन आणि तीच पालक सभेची लाज घेऊन गेलो. खुर्ची ठेवलेली होती. म्हणजे बाक.

घरच्यांसाठी

हे वाचणाऱ्यांत निम्म्या तरी बायका, आया, बहिणी असणार मला माहिताय. “त्यांना कसं पाठवू?” ताई, ओढून नेलेला माणूस ओपन मिटींगला एकदा येतो, दुसऱ्यांदा नाही. सकाळी, उतरलेली असताना, भांडण न करता एकदाच सांगा की असं असं ठिकाण आहे, नंबर फ्रिजवर लावा, आणि तुम्ही स्वतः अल-अॅनॉनला जा. बिलच्या बायकोने, लोइसने १९५१ मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी हे वेगळं सुरू केलं. तो सोडो न सोडो, तुमच्या झोपेचं काय, पोरांचं काय, उधारीवाल्यांना तुम्ही किती दिवस खोटं सांगणार, हे तिथे बोलता येतं. माझी बायको माझ्याआधी सात महिने जायला लागली होती. भजनाला जाते म्हणायची. तिने माझ्या ऑफिसला “पोट बिघडलंय” असा फोन करायचं बंद केलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं. आणि ‘रात्री गाडी पाठवून उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्रांपासून जपून, तिथे काय चालतं ते आतून आलेल्यांकडून ऐकलंय. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारल्याशिवाय माणूस ताब्यात देऊ नका.

सणवारांचं गणित

शेवटी कॅलेंडर घ्या आणि लाल पेनाने खुणा करा: गटारी, धुळवड, विसर्जन, हळदी, गावची जत्रा, ऑफिसची पार्टी, ३१ डिसेंबर. या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुठे असणार ते आठवडाभर आधी ठरलेलं पाहिजे. पोट भरून घराबाहेर पडा, रिकाम्या पोटी आणि चिडलेल्या डोक्याने निघू नका, एकटे जाऊ नका, आणि लग्नात हातात आधीच कोकम सरबताचा ग्लास ठेवा म्हणजे कोणी दुसरा देत नाही. “औषध चालू आहे” एवढं उत्तर पुरतं, सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही.

३१ डिसेंबरला आमचा ग्रुप रात्री साडेबारापर्यंत बसतो. वॉचमनसाठी वेगळी प्लेट काढून ठेवलेली असते, कांदाभजी आणि केक. मागच्या वर्षी अकराच्या सुमाराला एक नवीन पोरगा दारात घुटमळत होता, आत येईना, जाईना. वॉचमनच त्याला घेऊन वर आला होता. आम्ही बाकावर सरकून जागा केली.